कापला की वाढणारा कृमी

फिश टँकच्या काचेवर प्लॅनेरिया दिसला की हात आपोआप ब्लेडकडे किंवा घासणीकडे जातो. नेमकं तेच टाळायला हवं. दहावीच्या विज्ञानात पुनर्जननाचं उदाहरण म्हणून आपण शिकलो तो हाच प्राणी. थॉमस हंट मॉर्गन यांना पुढे १९३३ साली फळमाशीवरच्या संशोधनासाठी नोबेल मिळालं. पण त्याआधी, १८९८ मध्ये, त्यांनी प्लॅनेरियाचे बारीक बारीक तुकडे करून पाहिले होते. मूळ शरीराच्या २७९व्या हिश्श्याएवढ्या तुकड्यातूनही पुन्हा अख्खा प्राणी तयार होऊ शकतो, अशी त्यांची नोंद आहे. याच्या अंगभर मूळपेशी विखुरलेल्या असतात. त्यांच्यापासून डोळे, मेंदू, आतडं, काहीही नव्यानं घडतं. काचेवर चिरडलेल्या कृमीचे तुकडे खाली खडीत पडले, की एकाचे अनेक व्हायला आपणच हातभार लावलेला असतो.

तो टँकमध्ये येतो बहुधा पाणवनस्पतींबरोबर. कोल्हापूरच्या रंकाळ्यातून, कळंबा तलावातून किंवा शेतातल्या विहिरीतून हौसेनं उपटून आणलेली वेल असो, नाहीतर दुकानातून घेतलेली. पानामागे चिकटलेली त्याची मोहरीसारखी अंडकोष्ठं नजरेतून सहज सुटतात. म्हणून नवी वनस्पती थेट टँकमध्ये सोडू नये. दोन-तीन आठवडे वेगळ्या बादलीत ठेवून तिच्यावर लक्ष ठेवावं.

औषधाचा विचार करण्याआधी ओळख पटवून घ्यावी, कारण निम्मे बळी निरपराध असतात असं माझं मत आहे. पाण्यात वळवळत पोहणारा दोऱ्यासारखा बारीक पांढरा किडा प्लॅनेरिया नव्हे. तो गांडुळाचा नातेवाईक, कुजका गाळ खाऊन जगणारा, निरुपद्रवी. प्लॅनेरिया वळवळत नाही. पोटाखालच्या सूक्ष्म केसांच्या हालचालीवर तो काचेवरून संथ सरकतो. अंग चपटं, डोकं त्रिकोणी, त्यावर तिरळे वाटणारे दोन डोळे. मोबाइलचा कॅमेरा जवळ धरून मोठं करून पाहिलं तरी एवढं स्पष्ट दिसतं.

पट्टकृमी आणि यकृतकृमी याच संघातले, त्यामुळे घरात लहान मुलं असली की भीती वाटते. ती समजण्यासारखी आहे. गोड्या पाण्यातून माणसात शिरणारा चपटा कृमी महाराष्ट्रानं पाहिलेला आहे: रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावात शिस्टोसोमाचे रुग्ण आढळल्याची नोंद १९५२ सालची. प्लॅनेरिया मात्र परजीवी नाही. माणसाला तो काही करत नाही, मोठ्या माशालाही सहसा नाही. धोका असतो अंड्यांना, नुकत्याच जन्मलेल्या पिल्लांना आणि टँकमधल्या इवल्या कोळंबीला. पोटाच्या मध्यावर असलेल्या तोंडातून तो घशाची नळी बाहेर काढतो आणि भक्ष्य शोषून घेतो.

त्याची संख्या वाढते ती आपण टाकलेल्या जादा खाद्यामुळे. मासे खाऊन उरलेले दाणे खडीत साचतात, भरपूर खाल्लेला प्लॅनेरिया वाढतो आणि स्वतःच दुभंगून दोन होतो. खाद्य कमी केलं आणि खडीतला गाळ नळीनं ओढून काढला तर ही वाढ थांबते. पण निव्वळ उपासानं तो संपत नाही. उपाशी प्लॅनेरिया स्वतःचंच शरीर वापरत आकारानं लहान होत जातो आणि महिनोन्महिने तग धरतो. म्हणून सोबत सापळा हवा. छोट्या बाटलीच्या झाकणाला कृमीपुरती भोकं पाडून आत कच्च्या मांसाचा तुकडा ठेवावा, दिवे मालवल्यावर ती तळाशी सोडावी आणि उजाडायच्या आत बाहेर काढावी. असं काही रात्री लागोपाठ केलं तर बऱ्याच टँकांत औषधाची गरजच उरत नाही.

तरीही उरलेच, तर औषध निवडून घ्यावं लागतं. माशांच्या कल्ल्यांतल्या कृमींवर वापरलं जाणारं प्राझिक्वांटेल इथे कामाचं नाही. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात कापलेल्या प्लॅनेरियांना या औषधात ठेवल्यावर त्यांना चक्क दोन्ही टोकांना डोकी फुटली! मोरचूद टाकणं तर घातकच, त्यातलं तांबं कोळंबी आणि गोगलगायी मारतं. सुपारीतलं अरेकोलीन मात्र प्लॅनेरियाच्या मज्जासंस्थेवर खरोखर परिणाम करतं; कुत्र्यांच्या पोटातले पट्टकृमी पाडायला ते पूर्वी वापरत. पण म्हणून घरची सुपारी कुटून टँकमध्ये टाकू नये. कुठल्या सुपारीत अरेकोलीन किती, याचा अंदाज बांधता येत नाही. त्याचं मोजून बनवलेलं तयार औषध मिळतं, तेच घ्यावं.

दुसरं औषध फेनबेंडाझोल. कोल्हापूर जिल्ह्यातल्या गोठ्यांना ते जंताची गोळी म्हणून चांगलं परिचित आहे, आणि नेमका तिथेच घोटाळा होतो. हौशी मत्स्यपालकांत रूढ असलेली मात्रा लिटरमागे साधारण अर्धा ते पाऊण मिलिग्रॅम. दोन फुटी टँकमध्ये पन्नास लिटर पाणी धरलं तर तीसेक मिलिग्रॅम पुरतात. जनावराच्या एका गोळीत दीड हजार मिलिग्रॅम असतात, म्हणजे असे पन्नास टँक होतील. तेव्हा पशुवैद्याला विचारून, नाजूक काट्यावर मोजूनच द्यावं. हे औषध पेशींच्या आतला सांगाडा बांधू देत नाही, त्यामुळे कृमी मरायला काही दिवस लागतात. घाईनं मात्रा वाढवू नये. अंडकोष्ठांवर त्याचा भरवसा नाही, म्हणून दहा-बारा दिवसांनी पुन्हा एक मात्रा. काही गोगलगायी, विशेषतः नेराइट जातीच्या, यानं दगावतात आणि औषधाचा अंश खडीत महिनोन्महिने राहतो. गोगलगायींना आधीच दुसरीकडे हलवावं आणि परत आणायची घाई करू नये.

कृमी मरू लागले की पाण्यात अमोनिया वाढतो. हवेचा पंप जोरात ठेवून मेलेले कृमी रोज ओढून काढावेत, तिसरा हिस्सा पाणी बदलावं, शेवटी फिल्टरमध्ये सक्रिय कोळसा घालावा. हे काढलेलं पाणी गटारात ओतू नये. कोल्हापूर शहरातली गटारं जयंती नाल्याला मिळतात आणि नाला पंचगंगेला. शोभेच्या झाडांच्या कुंडीतल्या मातीत ते मुरवावं. फेनबेंडाझोल मातीला धरून बसतं, पाण्याबरोबर फार पुढे जात नाही.