पत्ता आहे, पण नकाशावर घर नाही

‘बुद्ध विहाराच्या मागे, हापशीजवळ.’ आपल्या वस्तीतल्या कितीतरी केसपेपरवर पत्ता असाच असतो. पोस्टमनला तो पुरतो, आशाताईंना पुरतो. संगणकाला मात्र पुरत नाही, आणि आता कोणत्या वस्तीत किती रुग्ण हे ठरवण्याचे काम हळूहळू संगणकाकडे चालले आहे. म्हणून हा विषय आरोग्याच्या पानावर.

पत्त्यावरून अक्षांश-रेखांश काढण्याला जिओकोडिंग म्हणतात. त्याची एक जुनी पद्धत अमेरिकेतल्या रस्त्यांवर बेतलेली आहे. तिथल्या जनगणना खात्याच्या ‘टायगर’ नकाशात रस्त्याच्या प्रत्येक तुकड्यापुढे घर क्रमांकांची हद्द नोंदलेली असते. समजा, एका बाजूला १०१ ते १९९ विषम आणि समोर १०० ते १९८ सम. १५१ नंबर विचारला की सॉफ्टवेअर त्या तुकड्याच्या मध्यावर टिंब ठेवते. घर कुणी पाहिलेले नसते, तो हिशेब असतो.

आपल्याकडे हा हिशेब कोलमडतो. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये घरांना नंबर असतात, पण भाऊ वेगळे झाले, नवी खोली चढली, तसे ते वाढत जातात. ४२ च्या शेजारी २१७ असू शकतो. नंबर जुळला नाही की सॉफ्टवेअर बरेचदा गावाच्या किंवा पिनकोडच्या मध्यावर टिंब टाकून मोकळे होते. पिनकोड श्रीराम भिकाजी वेलणकरांनी बसवला, १५ ऑगस्ट १९७२ पासून, तो पत्रांची वर्गवारी करण्यासाठी. एका पिनमध्ये अनेक गावे येतात. मग सगळे रुग्ण एकाच टिंबावर जमा होतात आणि वस्ती नकाशावर निरोगी दिसते! धुरळणी, पाण्याची तपासणी, शिबिर टिंबाकडे जाते.

१८५४ मध्ये लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवर डॉ. जॉन स्नो यांनी कॉलऱ्याचे मृत्यू घराघरानुसार मांडले, म्हणून दूषित पंपाकडे बोट दाखवता आले. टिंबे चुकली असती तर पंप सुटला असता.

आपल्या जिल्ह्यात आणखी एक अडचण आहे. २०१७ साली फवारणीच्या विषबाधेने इथे २० च्या वर शेतकरी-शेतमजूर दगावले. अशा रुग्णाच्या घराचे टिंब बरोबर आले तरी ते पुरेसे नाही, कारण विष शेतात लागते. मजूर दुसऱ्याच गावच्या शिवारात गेलेला असतो. भरती करताना कोणाचे शेत, कोणते शिवार, हेही सांगून लिहून घ्या.

आता नावांचे. डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलून समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर अशी नावे देण्याचा निर्णय घेतला. तो हवाच होता. पण पाटी बदलली म्हणून संगणकाची यादी आपोआप बदलत नाही, आणि सॉफ्टवेअर यादीत असेल तेच शोधते. ग्रामपंचायत, नगर परिषद, आरोग्य केंद्र, प्रत्येक ठिकाणी नवे नाव चढले का, हे आपणच विचारले पाहिजे. जुने नाव लिहून देऊ नका. त्यापेक्षा अक्षांश-रेखांश द्या, त्यांना जात नसते. टपाल खात्याने २०२५ मध्ये आणलेला दहा अक्षरांचा डिजिपिनही त्यावरूनच बनतो. साधारण चार मीटर लांबी-रुंदीच्या चौकोनाला एक कोड, घर नंबर लागत नाही.

एका गोष्टीवर मात्र आम्ही ठाम आहोत. क्षयरोग किंवा एचआयव्ही असलेल्या माणसाच्या घराचे टिंब व्हॉट्सअ‍ॅपवर फिरता कामा नये. १०८ च्या गाडीला घर सापडले पाहिजे, शेजाऱ्याला आजार सापडता कामा नये. सार्वजनिक नकाशावर वस्तीचा आकडा पुरतो.

घरात गरोदर बाई असेल तर आजच करा. अंगणात उभे राहून मोबाईलचे लोकेशन सुरू करा, नकाशावर आपल्या घरावर बोट दाबून धरा. दोन आकडे दिसतील, यवतमाळ शहराजवळ २०.३ आणि ७८.१ च्या आसपास सुरू होणारे. दशांश चिन्हापुढचे पाच अंक घ्या, म्हणजे फरक साधारण मीटरभराचा राहतो. माता-बाल संरक्षण कार्डाच्या मागे ते ठळक लिहा आणि आशाताईंच्या वहीतही उतरवा. रात्री १०८ ला फोन करताना आधी गाव, तालुका, मोठी खूण सांगा, मग हे आकडे.

जय भीम.