फाइलीचा पत्ता आणि सात-बाराची रेघ

पत्रावर नांव असून पत्ता नसेल तर तें पोंचत नाहीं. आणि पत्ता असूनहि तो टपालवाल्याला उमगेल अशा रीतीनें लिहिलेला नसेल, तरीहि तें पोंचत नाहीं. संगणकांत सांठविलेल्या फाइलींची गोष्ट याहून वेगळी नाहीं. हल्लीं पुष्कळ सुशिक्षित घरांतून मुलें प्रोग्रॅम लिहूं लागलीं आहेत. घरच्या विंडोज संगणकावर बिनचूक चालणारा प्रोग्रॅम मॅकवर किंवा लिनक्सच्या सर्व्हरवर नेला कीं त्याला स्वतःच्याच फाइली सांपडेनाशा होतात, हा अनुभव त्यांना लवकरच येतो. अशा वेळीं दोष बहुधा हिशेबाचा नसतो. पत्ता लिहिण्याच्या रीतीचा असतो.

संगणकांतील प्रत्येक फाइल कोणत्या तरी फोल्डरमध्यें असते, तो फोल्डर दुसऱ्या फोल्डरमध्यें, आणि ही उतरंड मुळापर्यंत जाते. मुळापासून फाइलीपर्यंतच्या सर्व पायऱ्या ओळीनें सांगणें, याला फाइलीचा मार्ग किंवा पाथ म्हणतात. धाराशिव जिल्ह्याच्या परांडा तालुक्यांत सोनारी हें गांव आहे. तेथील भैरवनाथाच्या देवळाचा पूर्ण पत्ता सांगावयाचा तर महाराष्ट्र, धाराशिव, परांडा, सोनारी आणि शेवटीं देऊळ, असा क्रम लागतो. हा झाला निरपेक्ष मार्ग. सोनारीच्या वेशींत उभ्या असलेल्या माणसाला मात्र नुसतें ‘देऊळ’ म्हटलें तरी पुरतें. हा सापेक्ष मार्ग. तो आटोपशीर खरा. परंतु ऐकणारा कोठें उभा आहे, यावर त्याचा अर्थ अवलंबून असतो. तोच शब्द परांड्याच्या बाजारांत उच्चारला तर पाहुणा भलत्याच देवळाच्या दारांत जाऊन उभा राहील. प्रोग्रॅमहि नेहमीं एखाद्या फोल्डरमध्यें उभा असतो, आणि तो कोठून सुरू केला यावर ती जागा ठरते. म्हणून सापेक्ष मार्ग लिहिणाऱ्यानें आपला प्रोग्रॅम कोठें उभा आहे, याची खात्री आधीं करून घ्यावी.

आतां पायऱ्या एकमेकींपासून वेगळ्या दाखविण्यास मध्यें कांहींतरी खूण हवी. सारा घोटाळा या खुणेपासून सुरू होतो. अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत १९६९ सालीं सुरू झालेल्या युनिक्सनें त्यासाठीं उजवीकडे कललेली रेघ, म्हणजे स्लॅश (/), घेतली. लिनक्सनें तीच रीत उचलली. १९८१ च्या पहिल्या एमएस-डॉसमध्यें फोल्डर मुळींच नव्हते, आणि स्लॅश ही खूण आज्ञेच्या पुढें तिचे पोटप्रकार सांगण्यासाठीं वापरली जात होती. १९८३ सालीं दुसऱ्या आवृत्तींत फोल्डर आले, तेव्हां ती जागा आधींच भरलेली असल्यामुळें डावीकडे कललेली रेघ, म्हणजे बॅकस्लॅश (\), पत्करावी लागली. विंडोजनें हा वारसा तसाच पुढें चालविला. जुन्या मॅकमध्यें या कामीं अपूर्णविरामासारखे दोन टिंब (:) असत. २००१ च्या मॅक ओएस टेनपासून तेथेंहि युनिक्सची रीत आली. शिवाय लिनक्स आणि मॅक यांत सर्व मार्ग एकाच मुळापासून निघतात, तर विंडोजमध्यें सी, डी अशा प्रत्येक ड्राइव्हचें मूळ निराळें असतें.

एवढीशी रेघ काय करूं शकते, हें पाहण्यास महाराष्ट्रांतील शेतकरी कुटुंबांच्या ओळखीचा एक कागद पुरेसा आहे. गांव नमुना ७ हा जमिनीच्या अधिकार-अभिलेखाचा आणि गांव नमुना १२ हा पिकांच्या नोंदींचा. दोन्ही मिळून होणाऱ्या उताऱ्याला सारा महाराष्ट्र ७/१२ म्हणतो. समजा, सोनारीकडे वडिलोपार्जित जमीन असलेल्या, पण पुण्यांत राहणाऱ्या एका कुटुंबांतील मुलीनें घरचे सर्व उतारे नीट लावून ठेवणारा प्रोग्रॅम लिहिला, आणि फाइलीला साहजिकच ‘७/१२’ असें नांव दिलें. पडद्यावर हातानें हें नांव देऊं गेल्यास विंडोज तें सरळ नाकारील. कारण तेथें नांवांत चालत नाहींत अशा ज्या नऊ खुणा आहेत, त्यांत ही रेघ आहे. लिनक्स नाकारणार नाहीं, पण अर्थ निराळा घेईल: ‘७’ नांवाचा फोल्डर, आणि त्याच्या आंत ‘१२’ नांवाची फाइल. नसलेले फोल्डर आपण होऊन निर्माण करण्याची मुभा प्रोग्रॅमला दिलेली असली, तर तसा फोल्डर मुकाट्यानें तयारहि होईल. मॅकच्या फाइंडरमध्यें ‘७/१२’ असें नांव देतां येतें व तसेंच दिसतेंहि; पण पडद्याआड त्या रेघेच्या जागीं दोन टिंब लिहिलेले असतात. माणसाच्या दृष्टीनें एकच नांव. तीन यंत्रांनीं त्याचे तीन अर्थ केले. १०४/२ असा पोटहिश्श्याचा क्रमांक किंवा १५/८/१९४७ अशी तारीख नांवांत घातली तरी हेंच होईल. ‘८-अ’ या खात्याच्या उताऱ्याला मात्र त्यांतील आडव्या रेघेमुळें कोठेंच अडचण येत नाहीं. यावरून मिळणारा धडा सोपा आहे: नांवांतील रेघ आणि वाटेवरील रेघ या दोन वस्तु आहेत. नांव तयार करतांना स्लॅशच्या जागीं एक ठराविक निरुपद्रवी खूण घालावी, आणि खरा क्रमांक फाइलीच्या आंत जसाच्या तसा ठेवावा.

नकार मिळाला तर मनुष्य निदान सावध होतो. खरा धोका निमूट होकाराचा असतो. विंडोजच्या रीतीनें लिहिलेला ‘सी:\नोंदी\सोनारी’ हा मार्ग लिनक्सवर फाइल लिहिण्यासाठीं दिला तर कांहींहि तक्रार होत नाहीं. कारण लिनक्सच्या लेखीं बॅकस्लॅश व दोन टिंब हीं साधीं अक्षरें आहेत. तें हा सगळा मजकूर हेंच एक लांबलचक नांव समजतें आणि प्रोग्रॅम उभा असेल त्या फोल्डरमध्यें त्या नांवाची फाइल करून मोकळें होतें. पडद्यावर ‘नोंद झाली’ असें उमटतें. नोंदींच्या फोल्डरची रोज रात्रीं प्रत काढून ठेवली जात असली, तरी ही फाइल त्या प्रतींत कधींच जात नाहीं. पुढें यंत्र बिघडल्यावर, वाटणीच्या किंवा कर्जाच्या ऐन वेळीं उतारे शोधूं जावें, तर फोल्डर रिकामा.

यावर उपाय एकच: मार्ग हा वाक्यासारखा एका दमांत लिहूं नये, पायऱ्या सुट्या ठेवाव्या आणि त्या जोडण्याचें काम भाषेनें पुरविलेल्या साधनाकडे सोंपवावें. पायथनमध्यें २०१४ पासून ‘पाथलिब’ या नांवाचें असें साधन भाषेबरोबरच मिळतें. जावामध्यें २०११ च्या सातव्या आवृत्तीपासून तशी सोय आहे. त्याला ‘नोंदी’, ‘सोनारी’ आणि फाइलीचें नांव असे तीन तुकडे दिले, कीं तें विंडोजवर विंडोजची व लिनक्सवर लिनक्सची रेघ घालतें. कांहीं जण सर्वत्र सरळ स्लॅशच लिहितात, आणि विंडोज तो बहुतेक ठिकाणीं मान्यहि करतें. परंतु त्यानें रेघेचा प्रश्न सुटला तरी ड्राइव्हचा सुटत नाहीं. बॅकस्लॅश हातानें लिहिण्यांत तर आणखी एक खोडा आहे. बहुतेक भाषांत बॅकस्लॅशपुढें इंग्रजी एन आला तर त्याचा अर्थ नवी ओळ, आणि टी आला तर मोकळी जागा असा होतो. इंग्रजी अक्षरांत लिहिलेला ‘नोंदी’ फोल्डर एननेंच सुरू होतो, मग मार्ग मध्येंच तुटतो! जोडण्याच्या साधनांतहि एक खांच लक्षांत ठेवावी: पायथनमध्यें दुसरा तुकडा मुळाच्या स्लॅशनें सुरू झाला, तर पहिला तुकडा टाकून दिला जातो.

मराठी नांवें देणाऱ्यांस एक सवलत आहे. लिनक्स इंग्रजींतील लहान व मोठें अक्षर वेगळें मानतें, विंडोज आणि मॅक सामान्यतः मानीत नाहींत. त्यामुळें इंग्रजी नांवांचे पुष्कळ घोटाळे होतात. देवनागरींत असा भेदच नाहीं. परंतु ‘शेतकऱ्यांची यादी’ असें नांव दिलें कीं निराळाच पेंच उभा राहतो. त्यांतील ‘ऱ्य’ संगणकांत तीन तऱ्हांनीं लिहितां येतो: ‘ऱ’ हें स्वतंत्र अक्षर घेऊन; साधा ‘र’ व त्याखालील नुक्ता अशा दोन खुणांनीं; किंवा ‘र’, हलन्त आणि एक अदृश्य जोडखूण यांनीं. डोळ्यांना तिन्ही सारखींच दिसतात. लिनक्स आणि विंडोज मात्र त्यांस तीन निराळीं नांवें समजतात, म्हणून एकाच फोल्डरमध्यें हुबेहूब सारख्या दिसणाऱ्या तीन फाइली सुखानें नांदूं शकतात. १९९८ सालीं आलेली मॅकची जुनी रचना पहिला प्रकार मोडून दुसरा करून ठेवीत असे. २०१७ पासूनची नवी रचना दिलेला प्रकार जपते, पण पहिले दोन एकच मानते. या दोघांना एका रूपांत आणण्याची क्रिया युनिकोडनें ठरवून दिली आहे व ती बहुतेक भाषांत तयार मिळते. तिसरा प्रकार तिच्या कक्षेंत येत नाहीं. तो प्रोग्रॅम लिहिणाऱ्यानेंच बदलून घ्यावा लागतो.

लांबीचाहि विचार हवा. लिनक्सच्या प्रचलित रचनेंत एका नांवाला २५५ बाइट मिळतात. देवनागरीची प्रत्येक खूण, मात्रासुद्धां, ३ बाइट घेते. ‘सोनारी’ या शब्दांत काना-मात्रा धरून ६ खुणा, म्हणजे १८ बाइट. अर्थात् मराठी नांव ८५ खुणांपलीकडे जाऊं शकत नाहीं, जरी विंडोजवर तेंच नांव २५५ खुणांपर्यंत चाललें तरी. विंडोजची जुनी अट वेगळी आहे: तेथें अख्खा मार्ग २६० खुणांच्या आंत बसावा लागतो. २०१६ पासून ती अट सैल करण्याची सोय झाली आहे. परंतु प्रत्येक संगणकावर ती केलेली असेलच असें नाहीं. म्हणून नांवें आटोपशीर ठेवणें बरें.

शेवटची गोष्ट मुळाची. २०२३ सालीं उस्मानाबाद शहराचें व जिल्ह्याचें नांव अधिकृतपणें धाराशिव झालें. सोनारी होती तेथेंच राहिली, देऊळ जागचें हाललें नाहीं. तरी पत्त्यांतील एक पायरी बदलली. ज्या प्रोग्रॅममध्यें ‘उस्मानाबाद’ हा फोल्डर जागोजागीं लिहिलेला असेल, त्याच्या मालकाला प्रत्येक ओळ धुंडाळावी लागेल, आणि एखादी ओळ राहिलीच तर निम्म्या नोंदी जुन्या फोल्डरमध्यें व निम्म्या नव्यांत जातील. ज्यानें तें मूळ एकाच ठिकाणीं नोंदवून पुढचे सर्व मार्ग त्यावरून रचले असतील, त्याचें काम एका ओळींत आटोपेल.

नांव, खूण आणि मूळ या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या ठेवल्या म्हणजे प्रोग्रॅम कोठेंहि नेला तरी वाट चुकत नाहीं. घरांत कोणी प्रोग्रॅम लिहीत असेल, तर त्याची परीक्षा घेण्यास फारशी विद्वत्ता नको. ‘शेतकऱ्यांचा ७/१२’ एवढेंच नांव देऊन फाइल सांठविण्यास सांगावें, आणि ती दुसऱ्या जातीच्या संगणकावर पुन्हां उघडून दाखविण्यास सांगावें. तेवढ्यांत लिहिणाऱ्याची काळजी किती, हें कळून येतें.