कोल्हापुरी चपलेचे नाव

कोल्हापुरी चप्पल तुम्ही पाहिली असेल. पुष्कळांनी घातलीही असेल. फेटा बांधून नवरदेव निघाला की पायात तीच शोभते. पण ही चप्पल नुसती शोभेची नाही. ऊन, काटे आणि धोंडे तुडवणाऱ्या माणसासाठी ती घडली. कशी, ते पाहू.

आधी कातडे. जनावराचे कच्चे कातडे तसेच ठेवले तर कुजते. म्हणून ते कमवावे लागते. प्रथम ते चुन्याच्या पाण्यात भिजवतात, म्हणजे केस सुटतात. मग बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात ते मुरवतात. जुन्या रीतीत कातड्याचीच पिशवी शिवून टांगतात आणि तिच्यात हे पाणी भरतात. पाणी हळूहळू झिरपते. तुरट रस कातड्यात भिनतो. त्यानेच कातडे टिकते आणि त्याला तांबूस रंग येतो. याला पुष्कळ दिवस लागतात. घाई करून चालत नाही.

मग रापी आणि आरी हातात येते. धोंडा टोचू नये म्हणून तळाला जाड कातड्याचे थर देतात. तळाच्या दोन्ही बाजूंना कान काढतात. कानांना पट्टा शिवतात. पुढे अंगठा असतो. त्याने पाय धरून राहतो. शिवायला दोरा नाही, कातड्याचीच वादी. खिळा तर नाहीच! पट्ट्यावर बारीक वेणी घालतात. वेणीचे आणि शिवणीचे काम पुष्कळ घरांत बायका करतात. काही चपला चालताना करकर वाजतात. अंधारात सापकिरडू बाजूला व्हावे म्हणून हा आवाज, असे जुनी माणसे सांगतात.

या चपलेचे प्रकारही अनेक. कापशी, पुकरी, कचकडी, बक्कलनाळी अशी त्यांची नावे. कापशी हे तर गावाचेच नाव.

हे काम करणाऱ्यांना समाजाने फार काळ दूर ठेवले. चप्पल हवी, पण ती करणारा जवळ नको, अशी रीत होती. बाराव्या शतकात कल्याणच्या बसवेश्वरांनी ही रीत मोडायला सांगितले. हरळय्या नावाचे चर्मकार त्यांचे अनुयायी होते. हरळय्या व त्यांची पत्नी यांनी भक्तीने बसवेश्वरांसाठी जोडे केले, ही कथा कर्नाटकात आजही सांगतात. पुढे कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी या धंद्याला उत्तेजन दिले.

आता अलीकडची गोष्ट. जून २०२५ मध्ये इटलीतील मिलान शहरात प्राडा या बड्या कंपनीने नव्या चपला लोकांपुढे आणल्या. त्या हुबेहूब कोल्हापुरीसारख्या होत्या. पण कोल्हापूरचे नाव कोठेच नव्हते. इकडे मोठी ओरड झाली. तेव्हा या चपलांची प्रेरणा भारतातील हस्तकलेची आहे, असे कंपनीने मान्य केले. डिसेंबर २०२५ मध्ये तिने महाराष्ट्र व कर्नाटक यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार केला. २,००० जोड भारतातच करून घ्यायचे ठरले.

महामंडळांशीच करार का? कारण २०१९ साली कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले. त्याची नोंद या दोन महामंडळांच्या नावावर आहे. मानांकन म्हणजे, ठरलेल्या जागी, ठरलेल्या रीतीने केलेल्या मालालाच ते नाव लावता येते. ही जागा म्हणजे आठ जिल्हे. महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर. कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. दुसरीकडे चप्पल करायला कोणाची मनाई नाही. पण तिला कोल्हापुरी म्हणून विकता येत नाही.

याच प्रकरणी काही वकील मुंबई उच्च न्यायालयात गेले होते. जुलै २०२५ मध्ये न्यायालयाने त्यांचा अर्ज फेटाळला. ज्यांच्या नावे नोंद आहे त्यांनी दाद मागावी, असा त्याचा अर्थ. म्हणजे कागदावरच्या नावाला किती मोल आहे, पाहा!

कारागिरालाही या मानांकनाचा अधिकृत वापरकर्ता म्हणून आपले नाव नोंदवता येते. तुमच्या ओळखीत कोणी हे काम करीत असेल, तर त्याला हे जरूर सांगा. अर्ज त्याला वाचून दाखवा. हात त्याचे आहेत. नावही त्याचेच असावे.