आकडा मोठा, बयाणा किती?

कापडाच्या धंद्यात आम्ही ऑर्डरच्या आकड्याआधी बयाणा पाहतो. कॅनडाच्या नेथन रोर्कची हकीकत हेच सांगते. तिथल्या फुटबॉलमध्ये चेंडू हाताने फेकतात. फेकीने डाव चालवणारा तो क्वार्टरबॅक. २०२२ मध्ये बीसी लायन्स संघाकडून नाव कमावून २०२३ मध्ये त्याने अमेरिकेच्या जॅक्सनव्हिल जग्वार्सशी करार केला. अमेरिकेत पगार कितीतरी पट जास्त. पण नवख्याला करारातली बहुतेक रक्कम संघात टिकला तरच मिळते. दीड वर्षात त्याचे चार संघ झाले, पाय कुठेच रोवले नाहीत. ऑगस्ट २०२४ मध्ये तो लायन्सकडे परतला आणि २०२५ मध्ये कॅनडाच्या लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

बंधूंनो, मोठ्या पेढीचे बोलावणे आले तर आपल्या हुन्नरी पोरांनी जरूर जावे. मात्र पक्की रक्कम किती, हे आधी विचारावे आणि जुन्या पेढीशी सलोखा राखावा.