अथेन्सची नागरिक-सभा आणि चिठ्ठीचा न्याय

प्रतिनिधी निवडून द्यावयाचे आणि पुढील निवडणुकीपर्यंत त्यांच्या तोंडाकडे पाहत राहावयाचे, ही आजची रीत प्राचीन अथेन्सच्या नागरिकास लोकशाही वाटली नसती. अधिकारपदे चिठ्ठ्या टाकून देणे हे लोकशाहीचे लक्षण मानले जाते व निवडणुकीने देणे हे मूठभरांच्या राजवटीचे, अशी नोंद अ‍ॅरिस्टॉटलने ‘पॉलिटिक्स’ या ग्रंथात केली आहे. कारण उघड आहे. निवडणुकीत घराणे, धन आणि वक्तृत्व यांचे पारडे जड होते. चिठ्ठीला कोणाचे कूळ ठाऊक नसते.

या व्यवस्थेचा पाया क्लेइस्थेनीसने इ. स. पूर्व ५०८-०७ मध्ये घातला. जुने चार गण बाजूस सारून त्याने नागरिकांची दहा गणांत नव्याने वाटणी केली. प्रत्येक गणात नगर, किनारा व अंतर्भाग या तिन्हींकडील वस्त्या एकत्र आणल्या. गणागणिक ५० याप्रमाणे ५०० जणांचे मंडळ चिठ्ठीने एका वर्षासाठी नेमले जाई; आयुष्यात दोनदाहून अधिक वेळा कोणास त्यात बसता येत नसे. मंडळाचा अध्यक्ष तर रोज नवा! नगराची मुद्रा एका अहोरात्रीपुरतीच त्याच्या हाती असे.

मंडळाने विषय मांडावेत, निर्णय प्निक्स टेकडीवरील सभेने करावा. इ. स. पूर्व चौथ्या शतकात वर्षास अशा ४० सभा भरत. मते हात उंचावून दिली जात. परकीयास नागरिकत्व देण्यासारख्या विषयांसाठी ६००० जणांची गणपूर्ती लागे. खरा पेच पोटाचा होता. सभेत दिवस घालविला की मजुराची त्या दिवसाची मिळकत बुडे. पेरिक्लिसने न्यायसभेत बसणाऱ्यांस भत्ता सुरू केला. चौथ्या शतकाच्या आरंभी सभेच्या उपस्थितीसही तो मिळू लागला. भत्त्यामुळे लोक आळशी झाले, अशी टीका झाली. टीकाकारांना मजुरीची चिंता नसावी!

सभा चुकतही असे. इ. स. पूर्व ४२७ मध्ये बंडखोर मितिलीनी नगरातील सर्व प्रौढ पुरुषांस ठार करण्याचा व स्त्रिया-मुलांस दास करण्याचा ठराव झाला आणि तो घेऊन जहाज निघाले. दुसऱ्याच दिवशी सभेने थोड्या मताधिक्याने तो फिरविला. मागाहून धाडलेले जहाज कत्तल सुरू होण्यापूर्वी जेमतेम पोहोचले. सर्वांनीच वाचविले असे मात्र नाही. बंडाचे म्हणविले गेलेले पुढारी मारले गेलेच.

आणि ‘सर्व’ म्हणजे तरी कोण? स्त्रियांना मत नव्हते. पिढ्यान्‌पिढ्या तेथे राहणाऱ्या परकीयांना नव्हते. लॉरियनच्या चांदीच्या खाणींत राबणाऱ्या दासांना तर माणूसपणही नव्हते. पाचव्या शतकात सभेची शिस्त राखणारे सिथियन तिरंदाज नगराच्या मालकीचे दास होते. गोंधळ घालणाऱ्या नागरिकास ते व्यासपीठावरून खाली ओढीत, पण स्वतः हात उंचावू शकत नसत.

ही व्यवस्था मॅसिडोनियाने मोडली. इ. स. पूर्व ३२२ मध्ये अथेन्सचा पराभव केल्यावर अँटिपेटरने २००० द्राख्मांहून कमी मालमत्ता असणाऱ्यांचे राजकीय हक्क काढून घेतले. हजारो गरीब नागरिक एका फटक्यात सभेबाहेर गेले आणि त्यांपैकी कित्येकांना थ्रेसमध्ये वसावयास जावे लागले.