काट्यांमागची वही

मोटारीच्या स्टिअरिंगमागे एकाच काचेखाली वेग, इंजिनाचे दर मिनिटाचे फेरे, इंधनाची पातळी, इंजिनाचे तापमान आणि गाडीने आजवर कापलेले अंतर दाखवणारा जो संच असतो, त्याला तांत्रिक परिभाषेत इन्स्ट्रुमेंट क्लस्टर म्हणतात. गॅरेजच्या बोलीत मात्र ते नुसते ‘मीटर’ असते. हे मीटर घरच्या घरी बदलण्याची प्रथा मुख्यतः अमेरिका-युरोपातली आहे, कारण तिथे मजुरी महाग असते आणि मोडीत निघालेल्या गाड्यांचे चालू भाग सहज मिळतात. पण मीटर बदलणे म्हणून जे ओळखले जाते ती प्रत्यक्षात दोन वेगळी कामे आहेत. पहिले स्क्रू आणि प्लगांचे असून ते तासाभरात उरकते. दुसरे स्मृतीचे असून ते कधी कधी उरकतच नाही, कारण आजचे मीटर गाडीचा हिशेब लिहिते आणि अनेक गाड्यांत दारावरचा पहाराही देते.

पूर्वी दुसरे काम अस्तित्वातच नव्हते. ऑटो शुल्झे यांनी १९०२ मध्ये जर्मनीत पेटंट घेतलेल्या वेगमापकाचे तत्त्व पुढे अनेक दशके टिकले: गिअरबॉक्सपासून निघालेली लवचीक केबल मीटरमधला लोहचुंबक फिरवते, फिरत्या चुंबकामुळे त्याच्याभोवतीच्या ॲल्युमिनियमच्या वाटीत भोवऱ्यासारखे विद्युत्प्रवाह निर्माण होतात, त्यांच्या ओढीने वाटी चुंबकामागे वळू पाहते आणि केसासारखी बारीक स्प्रिंग तिला रोखून धरते, या ओढाताणीत वाटी जिथे स्थिरावते तिथे काटा थांबतो. त्याच केबलवरची दातेरी चाके अंतराचे आकडे पुढे सरकवतात. कुर्ल्यात तयार होणाऱ्या प्रीमियर पद्मिनीतही केबलचेच मीटर असे, आणि केबल तुटली की काटा पडे, पण गाडीच्या बाकी कोणत्याही भागाला त्याची खबर नसे. दुसऱ्या गाडीचे मीटर आणून बसवले तरी इंजिनाची काही तक्रार नसे. अंतराचा आकडा तेवढा परका होई.

बॉश कंपनीने १९८६ मध्ये जाहीर केलेल्या कंट्रोलर एरिया नेटवर्क, म्हणजेच ‘कॅन’, या संदेशवहन पद्धतीने हे एकाकीपण संपवले. एकमेकींभोवती पिळलेल्या दोन तारांवरून इंजिनाचा, ब्रेकचा, एअरबॅगचा असे निरनिराळे नियंत्रक आपापली माहिती सतत पाठवत राहतात, आणि मीटर ती ऐकून काटे हलवते. त्यामुळे काटा मेला म्हणजे मीटर गेले असे मानणे घाईचे ठरते. फ्यूज आणि अर्थिंग पाहून झाल्यावर, बॅटरी सोडलेल्या अवस्थेत निदानाच्या सोळा टोकांच्या सॉकेटमध्ये सहाव्या आणि चौदाव्या टोकांमधला रोध मोजला, तर अनेक गाड्यांत तो ६० ओहमच्या आसपास भरतो. तारांच्या दोन्ही शेवटांना १२० ओहमचा एकेक रोधक असतो आणि समांतर जोडणीत तो निम्मा होतो. अशा गाडीत मल्टिमीटर १२० दाखवत असेल तर दोष बहुधा तारेत आहे, आणि नवे मीटर आणल्याने तो जाणार नाही.

दोष खरोखर मीटरमध्येच असल्याचे गाजलेले उदाहरण जनरल मोटर्सच्या २००३ ते २००६ या वर्षांतल्या पिकअप आणि मोठ्या एसयूव्ही गाड्यांचे आहे. त्यांच्या मीटरमधला प्रत्येक काटा स्टेपर मोटरने, म्हणजे विजेच्या प्रत्येक ठोक्याबरोबर ठरावीक अंशानेच वळणाऱ्या छोट्या मोटरने, हलतो. या मोटरी निकामी झाल्या की उभ्या गाडीचा वेग ताशी शंभर मैल दिसे, किंवा काटा मध्येच अडकून बसे. त्यांच्या जागी बसणारी एक्स२७.१६८ ही मोटर ३१५ अंशांपर्यंत फिरते आणि तिचे एक पाऊल एक तृतीयांश अंशाचे असते. काम करणारा प्रथम बॅटरीची ऋण तार सोडतो, एअरबॅगच्या यंत्रणेत साठलेली वीज उतरावी म्हणून काही मिनिटे थांबतो, स्टिअरिंग शक्य तितके खाली घेऊन भोवतीची चौकट प्लॅस्टिकच्या पट्टीने सोडवतो आणि स्क्रू काढून मीटर बाहेर घेतो. खरे कौशल्य काट्यांपाशी लागते. मोटरीला आपण कुठे आहोत हे ठाऊक नसते. ती चावी फिरवताच काटा मागच्या अडथळ्याला टेकवते आणि तिथून पावले मोजते, म्हणून काटा आसावर पाच अंश तिरका बसला तर सगळे मोजमाप पाच अंशांनी चुकते. यासाठी काटे उपटण्यापूर्वी त्यांच्या जागा टिपून ठेवतात, नवी मोटर अडथळ्यापर्यंत फिरवून मगच काटा दाबतात, आणि नंतर रस्त्यावर उपग्रहावरून मिळणाऱ्या वेगाशी पडताळा घेतात. चार टोकांचे सोल्डर वितळवण्याइतका हात बसलेल्या माणसाला हे एका दुपारचे काम आहे, आणि मीटर बदलण्यापेक्षा ते निःसंशय श्रेयस्कर आहे, कारण त्यात स्मृतीला हातच लागत नाही.

ही स्मृती सामान्यतः ईईप्रॉम नावाच्या, वीज गेली तरी मजकूर न विसरणाऱ्या, आठ पायांच्या चिपमध्ये असते. ९३सी४६ या जुन्या आणि सर्वपरिचित चिपची क्षमता अवघी १२८ बाइट, म्हणजे पोस्टकार्डावरच्या चार ओळींइतकी असते. अशा चिपचा एकेक कप्पा लाखभर किंवा काही लाख वेळा लिहून झाल्यावर झिजतो. गाडी दोन लाख किलोमीटर धावणार असेल आणि प्रत्येक किलोमीटर एकाच कप्प्यात नोंदला जाणार असेल, तर वही गाडीआधीच फाटू शकेल. म्हणून अंतराचा आकडा आळीपाळीने अनेक कप्प्यांत लिहिला जातो आणि सोबत पडताळ्याची बेरीजही ठेवली जाते. बाहेरून पाहणाऱ्याला जी गूढ सांकेतिक लिपी वाटते तिचा बराचसा भाग अशा काटकसरीतून आला आहे. जुन्या मीटरचा बोर्ड जळला पण चिप शाबूत राहिली, तर तिच्यातला मजकूर वाचून तशाच मीटरच्या चिपमध्ये उतरवणे, किंवा चिपच उचलून तिकडे बसवणे, हा काही गाड्यांत प्रामाणिक आणि स्वस्त मार्ग असतो; गाडीची वही गाडीकडेच राहते. काही लिहिण्यापूर्वी मूळ मजकुराची प्रत काढून ठेवली नाही, तर मात्र परतीचा रस्ता उरत नाही.

पहाऱ्याचा भाग याहून अवघड आहे. चाकणला २०२२ पर्यंत पोलो तयार करणाऱ्या फोक्सवॅगन समूहाच्या गोल्फच्या चौथ्या पिढीत, म्हणजे १९९७ मध्ये आलेल्या गाडीत, चोरीरोधक इमोबिलायझर मीटरच्या आतच बसवलेला होता. चावीतल्या चिपची ओळख मीटर पटवून घेते आणि मगच इंजिनाच्या नियंत्रकाला होकार देते. मीटर परके असेल तर इंजिन एक-दोन सेकंद चालून बंद पडते. या समूहासाठीच्या व्हीसीडीएस या निदान-प्रणालीतून चार अंकी गुप्त क्रमांक दिल्यावर चाव्या नव्या मीटरला शिकवता येतात, पण चुकीचा क्रमांक देत राहिल्यास प्रणाली वाढत्या कालावधीसाठी कुलूपबंद होते. शिवाय देश, सिलिंडरांची संख्या, जादा उपकरणे आणि अंतरमापनाचा गुणक सांगणारी पाच अंकी सांकेतिक संख्या भरावी लागते. मीटर अगदी नवे, साधारण १०० किलोमीटरच्या आतले असेल, तरच त्यात जुन्या गाडीचा आकडा निदान-प्रणालीतून भरता येतो. वापरलेले मीटर हे मान्य करत नाही.

हा अडथळा कशासाठी आहे, हे जुन्या गाड्यांच्या बाजारात रुळलेल्या ‘मीटर मागे फिरवणे’ या शब्दप्रयोगावरून कळते. अमेरिकेच्या राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाच्या अंदाजाप्रमाणे तिथे वर्षाला साडेचार लाखांहून अधिक गाड्या खोट्या आकड्यांसह विकल्या जातात. जर्मनीत २००५ पासून असा फेरफार गुन्हा ठरला असून त्याला एक वर्षापर्यंत कारावास होऊ शकतो. उत्पादकांनीही आपल्या परीने तजवीज केली: बीएमडब्ल्यूच्या ई३९ सारख्या गाड्यांत अंतराची नोंद मीटरबरोबर दिव्यांच्या नियंत्रकातही ठेवलेली असे, आणि दोन्हींचे जुळले नाही तर आकड्याशेजारी एक छोटा ठिपका उजळे, ज्याला जाणकार ‘टॅम्पर डॉट’ म्हणतात. दुसऱ्या गाडीचे मीटर सद्भावनेने बसवणाऱ्यालाही हा ठिपका सोडत नाही.

मीटर खरोखर बिघडलेल्या माणसाने काय करावे, याचे उत्तर अमेरिकेच्या संघीय कायद्यात, वाहतूकविषयक संहितेच्या कलम ३२७०४ मध्ये, दिलेले आहे. मीटर दुरुस्त करणे किंवा बदलणे वैध आहे, मात्र आकडा पूर्वीइतकाच राहिला पाहिजे. ते शक्य नसेल तर नव्या मीटरचा आकडा शून्यावर आणावा आणि आधीचे अंतर व कामाची तारीख लिहिलेली सूचना गाडीच्या डाव्या दाराच्या चौकटीवर लावावी. फसवण्याच्या हेतूने ती सूचना काढून टाकणे किंवा तिच्यात खाडाखोड करणे हाही त्याच कलमाचा भंग ठरतो.