हुकूम नसताना

रत्नागिरीत मारुती मंदिराजवळच्या माझ्या टेबलावर डिप्लोमाच्या मुलांच्या प्रोजेक्टमधल्या एटीटायनी८५ चिप अधूनमधून येतात. तक्रार एकच : ‘सर, कोड जात नाही.’ एक पिन कमी पडते म्हणून कुणीतरी चिपमधली ‘फ्यूज’ नावाची सेटिंग बदलून रीसेटची पिन साध्या कामाला जुंपलेली असते. मग नेहमीचा प्रोग्रॅमर चिपमध्ये शिरूच शकत नाही. आता त्याच पिनवर १२ व्होल्ट द्यायचे.

जुन्या २७१६ ईप्रॉम या मेमरी चिपला लिहिण्यासाठीच २५ व्होल्ट लागत. इथे १२ व्होल्ट ही आत शिरण्याची खूण. पण ती ११.५ ते १२.५ मध्येच हवी. १३ च्या पुढे चिप जळू शकते. ट्रान्सफॉर्मरवाला अडॅप्टर बिनभाराचा १६ व्होल्टपर्यंत चढतो, म्हणून मध्ये ७८१२ रेग्युलेटर.

खरी मेख हे १२ व्होल्ट चालू-बंद करणाऱ्या स्विचमध्ये आहे. सोप्या सर्किटात १२ व्होल्ट एक किलोओहममधून रीसेटवर येतात आणि बीसी५४७ ट्रान्झिस्टर त्यांना ग्राउंडकडे ओढून धरतो. पण हा ट्रान्झिस्टर चालवणारा आर्डुइनो सुरू होताना त्याच्या पिना कुणालाच हुकूम देत नाहीत. ट्रान्झिस्टर बंद राहतो आणि चिपला ५ व्होल्ट मिळण्याआधीच १२ जाऊन पोचतात. पावसाळ्यात इथे लाईट मिनिटामिनिटाला ये-जा करते, तेव्हा हा प्रसंग वारंवार येतो.

म्हणून मी बीसी५५७ ट्रान्झिस्टर वरच्या, १२ व्होल्टच्या बाजूला घालतो. तो आर्डुइनोने थेट चालवता येत नाही : पिनने ५ व्होल्ट दिले, तरी ती १२ च्या एमिटरपेक्षा ७ व्होल्ट खालीच. ट्रान्झिस्टर बंद होत नाही, उलट करंट आर्डुइनोच्या पिनमध्ये घुसतो. त्यामुळे त्याचा बेस ओढायला बीसी५४७, बेसपासून १२ व्होल्टकडे दहा किलोओहम, ५४७ च्या बेसपासून ग्राउंडकडे दहा, रीसेटपासून ग्राउंडकडेही दहा. हुकूम नसला की सगळं बंद.

आधी सॉकेट रिकामा ठेवून मीटर लावतो. यूएसबी काढून, १२ व्होल्ट आधी देऊन, आर्डुइनो रीसेट करून. प्रत्येक वेळी शून्यच दिसलं पाहिजे. मगच चिप बसते. तिला ५ व्होल्ट मिळाल्यावर २० ते ६० मायक्रोसेकंदांत, जुना प्रोग्रॅम सुरू व्हायच्या आत, १२ येतात. हाय फ्यूज ५एफचा डीएफ होतो आणि रीसेट परत मिळतो.

मुलं आधी विचारतात, स्विच चालू कसा होतो. मी त्यांना आधी तो बंद कसा राहतो ते मोजायला लावतो.